एक्केचाळीस चिंचोके

शेवंती गेल्यावर तीन महिन्यांनी गणपतचं नाव सातबाऱ्यावर चढलं.

जमीन तीन एकर, आजरा भागातली, उताराची, काजूची, तळाला थोडं भात. पैसे सगळे गणपतचे, बहारीनमधून पाठवलेले, आणि नाव शेवंतीचं. कारण परदेशात राहणाऱ्याला आपल्याकडे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर मात्र चालते. म्हणजे बावीस वर्षं परमुलखात गाडी हाकून घेतलेल्या जमिनीला स्वतःचं नाव लावायचं, तर त्याआधी बायको जावी लागते. कायदा करणाऱ्यांच्या मनात असं काही नसेल. पण गणपतच्या बाबतीत ते तसंच झालं.

फेरफाराचा फोटो मुलीने, मृणालीने, पुण्याहून पाठवला, तेव्हा तो बहारीनमध्येच, सलमाबादला, वर्कशॉपच्या दारात व्हॅनमध्ये बसला होता. मागे पोरं एसीचे पत्र्याचे डक्ट भरत होती. त्याने फोटो बोटांनी मोठा केला. शेवंतीच्या नावाला कंस केला होता. सातबाऱ्यावरून माणूस पुसत नाहीत, कंसात घालून ठेवतात. खाली गणपत दत्तू होडगे आणि मुलीचं नाव. आपल्या नावाकडे पाहून काही वाटतंय का, याची त्याने वाट पाहिली. काही वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परक्याचा वाटतो, तसं त्याचं फेब्रुवारीपासून चाललं होतं. मागून कुणीतरी पत्र्यावर थाप मारून "यल्ला, मामा!" म्हणालं. त्याने गाडी सुरू केली.

माणसं म्हणायची, गणपतने किती सोसलं बघा. सोसायला आधी लागावं तरी लागतं! शेवंतीच्या पोटात दुखतंय, गडहिंग्लजला दवाखान्यात ठेवलंय, असा फोन आला आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. महाशिवरात्रीच्या आधी चार दिवस ती गेली. हा पोचला तो रक्षाविसर्जनाला. कंपनीने दहा दिवसांची रजा दिली होती, त्यामुळे बाराव्याच्या पंगतीतून उठून लगेच विमानाला. त्यानंतर जो तो काहीतरी सुचवायचा आणि गणपत "हूं" म्हणायचा. हायवेलगत हॉटेल टाकायला एक पार्टी जमीन मागतेय, बाबा, विकून टाकू, आता तिथे बघणारं कोण आहे, असं मृणाली म्हणाली. हूं. इसार महिनाअखेरपर्यंत झाला नाही तर पार्टी दुसरीकडे जाईल. हूं. जमीन नगरपंचायतीच्या हद्दीलगत आल्याने विक्रीवर कर बसेल, कुणातरी जाणत्याला विचारा. हूं.

जाणता होता मयुरेश. त्याच कंपनीत अकाउंट्स बघायचा, पुण्याचा, वयाने गणपतच्या निम्मा, पण माणूस मायेचा. राहायला अरादला. शुक्रवारी सुटीच्या दिवशी चार वाजता गणपत कागदांची पिशवी घेऊन त्याच्या घरी गेला. मयुरेशच्या बायकोने, सावनीने, न विचारता चहाबरोबर थालीपीठ पुढे ठेवलं. लोण्याचा गोळासुद्धा होता. गणपतने ते सगळं खाल्लं आणि कसं झालंय असं तिने विचारल्यावर त्याला आठवेना, की आपण आत्ता काय खाल्लं.

मयुरेशने पिशवीतले कागद टेबलावर मांडले. मग अशा लोकांची पद्धत असते तशी अगदी मुळापासून सुरुवात केली.

"मामा, ही जमीन तुम्हाला वारसाने आली. म्हणजे तुम्ही तिला काही किंमत दिलेली नाही. बरोबर?"

गणपतला हे बरोबर आहे की नाही ते कळेना. दर महिन्याचे पैसे कुणाचे होते मग? पण तो हूं म्हणाला.

"पण सरकार असं म्हणत नाही, की तुमची किंमत शून्य. सरकार म्हणतं, मामींनी जे मोजलं तेच तुम्ही मोजलं असं धरा. त्यांची खरेदी ती तुमची खरेदी. त्यानंतर त्यांनी जमिनीत कायमचं जे काही घातलं, बोअर म्हणा, कुंपण म्हणा, ते तुम्ही घातलं असं धरायचं. हे सगळं विक्रीतून वजा. उरेल तो नफा, आणि नफ्यावर कर. तुम्ही परदेशात राहणारे, त्यामुळे घेणारा अख्ख्या रकमेवर कर कापून ठेवणार. तसं होऊ नये म्हणून आधी खात्याचा दाखला घ्यायचा. त्यासाठी ही यादी."

"म्हंजे तिनं जे केलं ते मी केलं आसं धरत्यात?"

"हो. कायद्याने तुम्ही मामींच्या जागी उभे आहात."

गणपतने मान हलवली. शेवंतीच्या जागी उभं राहणं ही काय चीज आहे ते सरकारला ठाऊक नसणार. ती पहाटे पाचला उभी राहायची.

मयुरेश एकेक कागद उचलत होता. खरेदीखत, दोन हजार नऊ सालचं. बोअरची पावती, शाई उडालेली, तरी चालेल. नर्सरीतून आणलेल्या काजूच्या कलमांची पावती. आणि शेवटची पावती हातात घेतल्यावर तर त्याचा चेहराच उजळला.

"ही बघा! याला म्हणतात पावती. ठिबक सिंचन, नळ्या, फिल्टर, बसवणी, नंबर, शिक्का, सही. गेल्या नोव्हेंबरची. चोपन्न हजार. एवढी पक्की पावती माझ्याकडे साहेब लोकसुद्धा आणत नाहीत."

"ते माझ्या सुट्टीचं पैसं," गणपत म्हणाला.

"कसले?"

"गेल्या सालची सुट्टी घेतली न्हाई. सुट्टीचा पगार नि तिकिटाचं पैसं हातात घेतलं नि ठिबक बसवलं."

"उत्तम केलंत," असं म्हणून मयुरेशने आकडा लिहून घेतला. मग फोनवरचे जमिनीचे फोटो पाहता पाहता तो थबकला. "हे दगडी बांध? वरपासून खालपर्यंत आहेत. आणि कलमांचे खड्डे किती?"

"एकशेसाठ."

"याची मजुरी? हे तर सगळ्यात मोठं काम दिसतंय. याच्या पावत्या कुठायत?"

"पावत्या न्हाईत. ते पैऱ्यानं केलंय."

पुण्याच्या माणसाला पैरा कुठून ठाऊक असणार? गणपतने समजावून सांगितलं. आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या रानात राबतो. दिवसाला दिवस. शेवंतीचा पैरा होता बानूशी. बानू मुलाणी, बांधापलीकडची. तिच्या नवऱ्याचं गावात सायकलचं दुकान, रान ती एकटी बघायची. ह्या दोघींनी मिळून ते सगळे दगड उचलले होते. खड्डेही दोघींचेच. बदल्यात शेवंती बानूच्या भातात, नाचणीत राबायची.

"म्हणजे पैसे दिलेच नाहीत?"

"एक रुपाया न्हाई."

"मग शून्य," मयुरेश म्हणाला, आणि म्हणताना त्यालाच कसंतरी वाटलं असावं, कारण त्याने पेन खाली ठेवलं. "मामा, कायद्याला नुसते कष्ट दिसत नाहीत हो. दिलेला पैसा दिसतो." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "लोक काय करतात, मजुरांच्या सह्या घेतात, मजुरी मिळाली म्हणून. मी करा म्हणत नाही. लोक करतात ते सांगतो."

असा हा सज्जन माणसांचा सल्ला. पापही नको आणि करही नको. त्याने एक कोरा नमुना छापूनही दिला. रविवारी सकाळी ऑफिसात यादी द्यायची असं ठरलं, आणि गणपत निघाला.

गुदैबियात खोलीखाली गाडी लावली तेव्हा सहाला पाच कमी होते. खोलीत आणखी दोघं राहायचे, त्यांचा मोबाइलवर सिनेमा चालू असणार. तो गाडीतच बसला. सहा ही शेवंतीची वेळ. तिकडे साडेआठ झालेले असायचे, तिची भांडी आटपलेली असायची. बावीस वर्षांत आधी गल्लीतल्या फोनच्या दुकानातून, मग मोबाइलवरून, हा फोन कधी चुकला नव्हता. आताही सहाला त्याचा हात आपोआप खिशात जायचा, फोन बाहेर काढायचा आणि मग हाताला कळायचं नाही, की पुढे काय करायचं. आज निदान काम होतं. त्याने बानूला फोन लावला.

"बोला दाजी. जेवलासा?" बानू शेवंतीला आक्का म्हणायची, तेव्हा गणपत दाजी. "ह्या टायमाला फोन वाजला की मला आजून वाटतंय, आक्काच्याच घरातनं वाजतोय."

"बानू, एक काम हुतं. मृणाली एक कागद घिऊन येईल. त्येच्यावर सही कर. मजुरी मिळाली म्हणून."

"कसली मजुरी?"

"बांध घातलं, खड्डं काढलं, त्येची. कराच्या कामाला लागतीया."

"मजुरी कुठनं आली दाजी? पैरा हुता की आमचा."

"ते मला ठावं हाय. सरकारला पैरा कळत न्हाई. तू नुसती सही कर."

बानूने आधी कुणालातरी टीव्ही बंद करायला सांगितलं.

"केली आसती दाजी. तुमच्या कामाला न्हाई कशाला म्हणू? पर मिळालं म्हणून सही कशी करू? आजून बाकी हाय की माझी."

"किती?"

"एक्केचाळीस."

गणपतला वाटलं, रुपये. "एक्केचाळीस काय?"

"दिस," बानू म्हणाली. "एक्केचाळीस चिंचोकं हाईत माझ्या डब्यात. आक्कानं दिल्यालं."

चिंचोक्यांची रीत गणपतने पाहिली होती. बानू दिवसभर शेवंतीच्या रानात राबली, की संध्याकाळी शेवंती तिला एक चिंचोका द्यायची. शेवंतीने तो दिवस फेडला, की चिंचोका परत. बानूकडून येणं असलं, की तसाच चिंचोका शेवंतीकडे. दोघींचे दोन पत्र्याचे डबे. वहीबिही काही नाही, भांडण नाही, आणि चूकही नाही. बँकेत एवढी माणसं कोट घालून बसतात, त्यांना हे जमत नाही. गेल्या खेपेला सुटीवर असताना त्याने थट्टेने शेवंतीचा डबा हलवून पाहिला होता. आत दोन वाजले होते. ती म्हणाली होती, "आमचं दोन-चाराच्या वर कवा जात न्हाई. माझ्याकडनं देणं पाच झालं की मला झोप येत न्हाई."

"चुकतीयास तू," गणपत म्हणाला. "एक्केचाळीस कसं हुतील? ती पाच ठिवत नव्हती."

"चुकले न्हाई."

"मग कवाचं हे?"

"दसऱ्यापास्नंचं." आणि मग बानू एकदम घडाघडा बोलायला लागली. इतके दिवस तोंडात धरलेला घास खाली ठेवावा तशी. "दसऱ्यापास्नं आक्का माझ्या रानात आलीच न्हाई दाजी. तिला वाकायलाच येत नव्हतं. पोटात कळ आली की बांधावर बसून ऱ्हायाची. म्हटली, बानू, माझं तेवढं भात कापून घे, मी नंतर फेडते. भात कापलं, मळणी काढली, काजूबुडचं गवात काढलं. नळ्या बी मीच हातरल्या. बसवायला माणूस आल्ता तो एक दिस राहून गेला, बाकी समदं मी. ती बांधावर बसून सांगायची, हिकडं घे, तिकडं घे. सांजंला एक चिंचोका हातावर ठिवायची. तुमचा फोन आला की म्हणायची, आज चार ओळी झाल्या."

गणपतला ते चार ओळी झाल्याचं आठवत होतं. पाच ओळींचं आणि सात ओळींचंही आठवत होतं. ज्या दिवशी सगळी ठिबक पुरी झाली त्या दिवशी तो गाडीतूनच ओरडला होता, "शाब्बास गं वाघिणी! एकटीनं केलंस की!" तिकडून ती हसली होती. हसताना मध्येच थांबली होती. त्याला वाटलं होतं, रेंज गेली.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"शपथ घातलीवती. म्हटली, ते येणार न्हाईत, सुट्टीचं पैसं घेतलं त्येनी. मग सांगून काय करायचं, तितं गाडी चालवत्यात, जीव लागंना म्हटलं तर हात चुकंल."

दसऱ्याचा फोनही गणपतला आठवला. "दिवाळीला येतासा न्हवं?" असं तिने विचारलं होतं. बावीस वर्षांत तिने असं कधी विचारलं नव्हतं. तो सांगायचा कधी येणार ते आणि ती बरं म्हणायची. त्याने सांगितलं, अगं एक साल नाही आलो तर काय बिघडतंय, ठिबक बसवून टाकू, कायमची सोय होईल. ती म्हणाली, "बरं." एकदाच विचारलं तिने. दुसऱ्यांदा विचारणारी बाई नव्हती ती, आणि हे बावीस वर्षं ठाऊक असलेला माणूस तेव्हा सलमाबादच्या सिग्नलला उभा राहून ठिबकच्या किमतीचा विचार करत होता.

तीन आठवडे, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. तीन आठवड्यांत सगळं संपलं. तीन आठवडे नव्हते ते. साडेचार महिने होते. त्यातला महिनाभर त्याच्या खिशात होता आणि तो त्याने विकला. आणि अरादच्या टेबलावर त्या महिन्याची पावती पक्की ठरली, नंबर, शिक्का, सहीसकट. बानूचे एक्केचाळीस दिवस मात्र शून्य. गणपतला त्या क्षणी शेवंतीचा भयंकर राग आला. काय समजत होतीस मला? आलो नसतो मी? मग त्याला त्याचं उत्तर कळलं, कारण तिने एकदा विचारून पाहिलं होतं. गालाला मुंग्या आल्यासारखं झालं. त्याने तोंडावरून हात फिरवला.

"बानू, मी पैसं पाठवतो," तो म्हणाला. "आज रोज काय चाललाय? साडेतीनशे? चारशे धर. एक्केचाळीस चारी..."

"पैसं नगं."

"अगं, हक्काचं हाईत तुझ्या."

"रोजगारानं आल्ते का मी?" बानूचा आवाज चढला. "पैसं घेतलं म्हंजे मी तिची गडी नि ती माझी मालकीण. आमी काय तशा हुतो व्हय? पैरा हातानं फिटतोय दाजी. न्हाईतर मग फिटत न्हाई."

"मग सोड म्हणतो. माफ कर तिला. गेलेल्या माणसावर कशाला बाकी ठेवतीस?"

"आमच्यात बी तसंच सांगत्यात, गेल्याल्या माणसाचं माफ करावं. मी म्हटलंवतं तिला. दवाखान्यात, शेवटल्या आठवड्यात. आक्का, मी समदं सोडलं, चिंचोकं टाकून देते बग. तर हात धरला माझा. म्हटली, सोडू नगंस."

"का?"

बानूला सांगू की नको असं झालं असावं. आतून कुणीतरी हाक मारली, तिने ओ दिली नाही.

"म्हटली, माझ्यासाठनं याचं त्येनला जमत न्हाई. पर कुणाची बाकी ठिवलेली त्येनला खपत न्हाई. बाकी आसंल तर येतील. मी बाराव्यालाच सांगणार हुते. तुमी पंगत उठायच्या आधी इमानाला गेलासा."

समोरच्या किराणा दुकानातून एक माणूस कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाहेर आला आणि दुकानदाराशी पैशांवरून हुज्जत घालायला परत आत गेला. ती हुज्जत संपेपर्यंत गणपत तसाच बसून होता.

"दाजी? हाईसा न्हवं?"

"हाय. कामं कसली हाईत तुझी?"

"कामाला काय तोटा? मिरगाच्या आत शेणखत पसरायचं हाय. मग पेरणी. वरल्या अंगाचं कुंपण पडलंय, गवं घुसत्यात रातचं. पर तुमास्नी जमंल का? हात मऊ झालं आसतील."

"व्हय," गणपत म्हणाला. "झाल्यात."

रविवारी सकाळी मयुरेशच्या टेबलावर त्याने कोरा नमुना तसाच परत ठेवला.

"सही नाही मिळाली?"

"न्हाई. आणि यादी बी राहू द्या सायेब. आत्ता विकायचं न्हाई."

मयुरेशने खुर्ची मागे ढकलली. "मामा, महिनाअखेर पाच दिवसांवर आलीय. तो माणूस थांबायचा नाही. पुढे असा भाव येईल न येईल."

"जाऊ दे त्येला. रानावर बाकी हाय."

"कसली? बोजा आहे? सातबारा तर स्वच्छ आहे."

"सातबाऱ्यावर न्हाई. बानूचं एक्केचाळीस दिवस हाईत. शेवंतीनं फेडायचं हुतं." मयुरेश काहीतरी समजवायला तोंड उघडत होता, तेवढ्यात गणपतने हात वर केला, आणि आपल्याला साहेबासमोर असा हात वर करता येतो याचं त्यालाच नवल वाटलं. "तुमीच म्हणालासा सायेब. तिनं केलं ते मी केलं. मी तिच्या जागी. मग घेतल्यालं बी माझंच की. नुसता फायदा तेवढा माझ्या नावावर धरायचा, आसं आसतंय व्हय कुठं?"

मयुरेशने कागद गोळा करून पिशवीत घातले, नीट, एकावर एक, आणि ठिबकची पावती सगळ्यात वर आली. गणपतने ती काढून घडी घातली आणि सगळ्यात तळाशी सारली. मृणालीला सकाळीच फोन करून झाला होता. एक्केचाळीस दिवस आणि साडेचार महिने एवढं दोनच आकड्यांत त्याने तिला सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "मीही येते चार दिवस. त्यातले चार माझे धरा." तो म्हणाला, बानूला विचारून सांगतो, चालत असेल तर.

रजेचं काम चिराग बघायचा. राजकोटचा पोरगा, चांगला होता, सगळ्यांच्या रजा त्याच्या कॉम्प्युटरात. त्याने फॉर्म उघडला.

"कितने दिन, मामा?"

"इकतालीस."

"मामा, तीस से ऊपर सिस्टम लेता ही नहीं. और तुमने तो नवंबर में लीव का पैसा उठाया था, बैलेंस भी पूरा नहीं है."

"बिना पगार का दे दो. नहीं देगा तो खलास, मैं फिर भी जाएगा."

चिरागने मान वर केली. बावीस वर्षांत ह्या माणसाने कुठल्याही गोष्टीला नाही म्हटल्याचं ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. तो उठला, आत जाऊन मॅनेजरशी बोलला, पाचेक मिनिटांनी बाहेर आला आणि पुन्हा खुर्चीत बसला. "हो जाएगा. बाकी दिन अनपेड. इसमें कारण लिखना पड़ता है. क्या लिखूँ?"

फेब्रुवारीत गणपत ह्याच खुर्चीसमोर उभा होता, तेव्हा चिरागने काहीही न विचारता कारण लिहिलं होतं. आता त्याची बोटं कीबोर्डवर थांबली होती.

"बीवी का काम बाकी है," गणपत म्हणाला.

चिराग अगदी हळू म्हणाला, "मामा... मामी तो..."

"हां. वो नहीं आ सकती. उसकी जगह मैं जा रहा हूँ."

चिरागने ते टाइप केलं, काय केलं ते त्याचं त्याला ठाऊक, आणि नाव, तारखा बरोबर आहेत का ते बघून घ्या म्हणून स्क्रीन गणपतकडे वळवली. गणपत वाकला. आपलं नाव शोधायला लागला. तीन महिने कोरडे राहिलेले डोळे नेमके तेव्हाच भरून आले आणि त्याला एक अक्षरही वाचता आलं नाही. तो टेबलाची कड धरून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "बरोबर है. सब बरोबर है."